पगडी गल्लीला वळसा

नाशिक
३ एप्रिल २०२४

ती. शोभाआत्या,
सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार उघडून बघतात. म्हणून पुन्हा पत्रावर आले. आमच्या हिमानीला तर पत्रंच आवडतात. तुझ्या मागच्या पाकिटाचं तिकीट तिनं वहीला चिकटवलंय.

एक मेला आम्ही तिघं बऱ्हाणपूरला येतोय. वामनकाकांकडे उतरू. बाबा गेल्यापासून त्यांच्या गावात एकदाही पाऊल टाकलेलं नाही, आणि लहानपणी आले होते तेव्हाचं मला फक्त मावा जिलबी आठवते. दोन तारखेला सकाळी टेकडीपुरा पायी पालथा घालायचा बेत आहे. तुषार म्हणतो गाईड नको, आपले आपण फिरू. तू आयुष्यभर तिथल्या मुलींना इतिहास शिकवलास, तर कुठून सुरुवात करायची, कुठं वळायचं, काय बघायचं हे लिहून पाठवशील का? हिमानी त्यावरून नकाशा काढणार आहे.

तुझी
मृणाल


सिंधीपुरा, बऱ्हाणपूर
१० एप्रिल २०२४

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

मे महिन्यात बऱ्हाणपूर! हा सल्ला कुठल्या शत्रूनं दिला? असो, येताय तर या. पण उजाडायच्या आत बाहेर पडा. ऊन वर आलं की आमच्या गल्ल्यांतले दगडसुद्धा पोळतात.

गाईड नको म्हणालात हे फार चांगलं केलंत. आमच्याकडचे गाईड प्रत्येक भुयार थेट असीरगडापर्यंत नेतात आणि प्रत्येक विहिरीत एकेक बेगम ढकलतात. मी वर्गात ते निस्तरता निस्तरता म्हातारी झाले.

राजघाटावरून सुरुवात करा. नदीतला दगडी हत्ती हिमानीला दाखवा, मग तापीकडे पाठ करून वर बघा. उंचावर एकावर एक घरं बसलेली दिसतील, तोच टेकडीपुरा. पायऱ्या कडेकडेनं चढा, मधला दगड पावलांनी गुळगुळीत झालाय. पहिल्या वळणावर ठेंगण्या दाराचं घर आहे. तिथं पूर्वी जरीची तार ओढत, आता यंत्रमागाच्या कांड्या भरतात. दार उघडं असलं तर खुशाल आत डोकवा, कोणी रागावत नाही. त्याच्या पुढच्या चौथऱ्यावरून जामा मशिदीचे मनोरे दिसतात. मशिदीत अरबीच्या शेजारी संस्कृतात कोरलेला लेख आहे, तो खाली उतरल्यावर बघायचाच आहे. फोटो काढून पुढं पळू नका, हिमानीला त्यातली अक्षरं लावू द्या.

चौथऱ्यानंतर चिंचेचं झाड येतं. तिथं वाट फुटते. डावीकडे पगडी गल्ली. तिकडे जाऊ नका, पाहण्यासारखं काही नाही. उजवीकडून जुन्या तटाच्या मागून वळसा घ्या आणि पलीकडच्या उतारानं थेट सिंधीपुऱ्यात माझ्याकडे या. मांडे आणि आमरस तयार असेल.

पायात चांगल्या वहाणा घाल. तुझ्या बाबांसारखी स्लिपर घालून टेकडी चढू नकोस.

शोभाआत्या


नाशिक
१६ एप्रिल २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र तिघांनी मोठ्यानं वाचलं. हिमानीनं नकाशा काढलाय, त्याची प्रत सोबत आहे. हत्ती जरा डुकरासारखा झालाय, पण तिला तसं म्हणू नकोस.

एक गोष्ट. तुषारनं वाट फोनवर पडताळून पाहिली. तू सांगितलेल्या वळशानं उन्हात खूपच चालावं लागेल. पगडी गल्लीतून सरळ गेलं की लगेच उतार लागतो. आणि गंमत म्हणजे आत्या, वामनकाकांचं घर पगडी गल्लीतच आहे! तुझं माहेर! आम्ही उतरणार तिथंच, आणि तू लिहितेस पाहण्यासारखं काही नाही. वय झालं की होतं असं, वाईट वाटून घेऊ नकोस. आई परवा चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधत होती. रोज रात्री बदाम भिजत घालत जा.

खरं तर तूच चल आमच्याबरोबर. शेवटी तुझ्या माहेरच्या ओट्यावर बसून सगळे चहा पिऊ. मी काकांना फोन करून सांगतेच.

तुझी
मृणाल


सिंधीपुरा
२० एप्रिल २०२४

चि. मृणाल,

बदाम तू खा.

मी काही विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या बाबांनी तुला सांगितलं नाही, कारण त्याला दोन्ही घरी जेवायचं असायचं. मी सांगते.

पगडी गल्लीत एक रीत होती. राखीपौर्णिमेला गल्लीतल्या प्रत्येक मुलीनं घरोघर जाऊन गल्लीतल्या प्रत्येक मुलाला राखी बांधायची. गल्लीतला मुलगा म्हणजे भाऊ. ताट घेऊन आम्ही सकाळपासून हिंडायचो, गोड खाऊन पोट दुखायचं. एका वर्षी मी समोरच्या घराची पायरी चढले नाही. त्या घरातल्या निरंजनला राखी बांधली नाही. सगळ्या गल्लीनं ते पाहिलं. पुढच्या वर्षीही चढले नाही.

तेव्हा आमचे वडील हयात नव्हते, घरात वामनदादाचा शब्द चाले. जात एक, देव एक, पत्रिकासुद्धा जुळत होती. पण दादा म्हणाला, गल्लीतला पोरगा तो भाऊच, मी लोकांना काय तोंड दाखवू? आम्ही इच्छापूरला गेलो, इच्छादेवीपुढे हार घातले आणि इथं सिंधीपुऱ्यात बिऱ्हाड केलं. मला अजून त्याचा अभिमान आहे.

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. अशाच जात नाहीत, मुराळी यावा लागतो. माहेरचा पुरुष सासरच्या उंबऱ्यावर येतो, पाणी पितो, लेकीला घेऊन जातो. माझं माहेर आणि सासर यांत एक टेकडी आहे, तीही काही हिमालय नव्हे. पण मुराळी कधी आला नाही. तुझे बाबा म्हणायचे, मी येतो मुराळी. मी म्हटलं, तू मला नेणार कुठं, नाशिकला? अखजीच्या दुपारी निरंजन मला सायकलवर डबलसीट बसवायचा, ‘चल, माहेरी सोडतो’ म्हणायचा, शनवारा दरवाज्यापर्यंत चक्कर मारायचा आणि परत घरी आणायचा. इथल्या बायका हसायच्या. मीही हसायचे, आणि मग मोरीत जाऊन तोंड धुवायचे.

म्हणून बिनबोलावता जायचं नाही असं मीही ठरवलं. राजघाटावर जायचं तर चिंचेपासून तो वळसा. मी तो इतका चाललेय की झोपेतही सांगेन. तेच तुला लिहिलं.

हे माझ्या एकटीच्या मानाचं नाही, मृणाल. मुराळी लेकीला न्यायला येतो, पण उंबरा जावयाचा असतो. त्यावर पाय ठेवला की लग्न मानलं. निरंजन गेला तेव्हा दादा अंत्यविधीला राजघाटावर आला होता. लांब उभा राहिला आणि माझ्याशी न बोलता निघून गेला. मेलेल्या माणसालासुद्धा त्यानं जावई म्हटलं नाही. याचा मला राग आहे, आणि तो बदामानं जाणारा नाही.

शोभाआत्या


पगडी गल्ली, टेकडीपुरा, बऱ्हाणपूर
२२ एप्रिल २०२४

चि. सौ. मृणाल हिस वामनकाकांचा आशीर्वाद.

शोभाला बरोबर आणण्याविषयी तू फोनवर बोललीस. असे विषय फोनवर बोलायचे नसतात, म्हणून लिहितो. तुम्ही तिघे अवश्य या. घर तुमचे आहे. वरच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून घेतला आहे. तुझ्या रजनीकाकूने तुमच्यासाठी कुरडया राखून ठेवल्या आहेत.

मात्र ती गल्लीत आली तर मी खिडक्या लावून घेईन. मी एकदा बोललो ते बोललो. या वयात शब्द फिरवणे मला जमणार नाही.

तसेही तिच्या गुडघ्यांना हा चढ झेपणार नाही. हे तिला तू तुझे म्हणून सांग. मी लिहिले असे सांगू नकोस.

वामनकाका


नाशिक
२५ एप्रिल २०२४

ती. आत्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. बदामाबद्दल माफ कर.

काकांचंही पत्र आलंय. तू आलीस तर खिडक्या लावून घेईन म्हणतात. तुझ्या गुडघ्यांना चढ झेपणार नाही असंही लिहिलंय, आणि ते त्यांनी लिहिलंय हे तुला सांगू नको म्हणून बजावलंय. सांगून टाकलं.

मला वाटतं, आपण शांतपणे घ्यावं. दोघांची वयं झाली आहेत. आम्ही सकाळी पगडी गल्ली टाळून तुझ्या वळशानंच फिरू आणि तुझ्याकडे जेवायला येऊ. कोणाचं मन दुखवायला नको. हिमानी मात्र रुसलीये. ती म्हणते, नकाशात जी गल्ली आहे ती टाळायची कशी?

तुझी
मृणाल


सिंधीपुरा
२८ एप्रिल २०२४

चि. मृणाल,

हिमानीला माझी शाबासकी सांग. तुमच्या घरात एक तरी माणूस सरळ चालणारं आहे.

वळसा रद्द.

तिचा नकाशा मी देवघराशेजारी लावलाय. आज सकाळी पूजा करताना त्याच्याकडे बघत होते. ती चिंचेपाशी वाकलेली लाल रेघ बघितली आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी त्या वळशाला माझा ताठा समजत होते. अगं, ताठा कसला! मी दादाची सोय करत होते. मी समोर आलेच नाही, त्यामुळे त्याला कधी एक खिडकीसुद्धा लावावी लागली नाही. आता लावू दे. हातानं लावू दे.

दोन तारखेला मी राजघाटावर तुमच्या आधी उभी असेन. लेक म्हणून नाही, पाहुणी म्हणून तर नाहीच. रस्ता नगरपालिकेचा आहे आणि मी या शहराची इतिहासाची मास्तरीण आहे. दाराच्या आत पाऊल टाकणार नाही, पाणीही मागणार नाही. बाहेरून दिसतं तेवढं दाखवीन आणि पुढं जाईन. काकांना हे जसंच्या तसं कळव. गुडघे माझे आहेत, काळजी मी करीन.

शोभाआत्या


नाशिक
४ मे २०२४

ती. आत्या,

काल रात्री पोचलो. स्पीडपोस्टनं लिहितेय, कारण तुला कळायला हवं. तू पुढं होतीस आणि तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारत होतं. मागं आणि आत काय झालं ते तुला माहीत नाही.

चिंचेपाशी तू डावीकडे वळलीस तेव्हा तुषार मला हळूच म्हणाला, आता काय होईल गं? तू मात्र काठी अशी आपटत निघालीस की दारं आपोआप उघडायला लागली. तो दूधवाला कडू सायकल टाकून धावत आला, ‘बाई, तुमी? या गल्लीत?’ आणि तू त्याला म्हणालीस, ‘काहून? तुह्या बापाची हाय का गल्ली?’ पाया पडला बिचारा. तुझ्या किती विद्यार्थिनी आता त्या गल्लीत सासूबाई झाल्यात! सगळ्या डोक्यावरून पदर घेऊन वर्गात उभ्या राहिल्यासारख्या उभ्या राहिल्या.

काकांनी खिडक्या खरंच लावल्या होत्या. दोन्ही. तू घरासमोर थांबलीस आणि हिमानीला शाळेतल्या आवाजात सांगायला लागलीस. ‘हे घर बघ. इथल्या एका मुलीनं या समोरच्या घरातल्या मुलाशी लग्न केलं. दोन्ही घरं अजून उभी आहेत. एकही भिंत पडली नाही.’ आत्या, मला त्या क्षणी तुझा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. मग तू म्हणालीस, ‘आणि हा ओटा माझ्या वडिलांनी बांधला.’

आतून आवाज आला, ‘बापूनं नाही! आजानं!’

तुला ऐकू आलं नाही. तू पुढं बोलतच होतीस. एक खिडकी धाडकन उघडली. ‘आजानं बांधला ओटा! पोरीले कायबी शिकवू नको!’ हिमानीनं तुझ्या कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा तू वरसुद्धा पाहिलं नाहीस. ‘त्याले म्हणा, खिडकीतून इतिहास शिकवत नाहीत. बाहेर ये.’

आणि आले ना गं ते बाहेर. बनियनवर. तुम्ही दोघं त्या ओट्यावरून जे भांडलात! दगड कुठून आला, गवंडी कोण होता, कोपरा कोणाच्या लग्नात फुटला. तुषारनं व्हिडिओ घ्यायला फोन काढला तो मी खाली करायला लावला. रजनीकाकू दाराआड उभ्या राहून तोंडाला पदर लावून रडत होत्या की हसत होत्या, मला कळलं नाही. काका दमले, आणि मग म्हणाले, ‘आलीच हायस तर आत ये. पाणी पी.’

तू म्हणालीस, ‘आलीच आहेस तर, असं नाही दादा. मी इथं फिरायला आले.’ आणि हिमानीचा हात धरून निघालीस. खरं सांग, ओट्याचं तू मुद्दाम चुकलीस ना?

आता आतलं. काका दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी काकूंना म्हणाले, माझी पांढरी टोपी कुठंय. मग कोणी नाही असं बघून माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, ‘सिंधीपुऱ्यात तिचं घर नेमकं कुठल्या बाजूला?’

आत्या, त्यांना तुझं घर माहीत नाही. एका गावात राहून! मला आधी रडू आलं आणि मग तुझ्यासारखाच राग आला. हिमानी नकाशा काढून द्यायला कागद घेऊन धावली होती, तिला मी थांबवलं. म्हटलं, ‘काका, विचारत विचारत जा. सिंधीपुऱ्यात कोणीही सांगेल. आधी विचारा तर खरं, की माझ्या बहिणीचं घर कुठंय.’ मी मोठ्या माणसाशी असं कधी बोलले नव्हते. बाबा असते तर ओरडले असते. पण मला जराही वाईट वाटलेलं नाही.

तुझी
मृणाल


पगडी गल्ली
८ मे २०२४

शोभा,

हे पत्र कडूच्या हाती देत आहे. तू त्या दिवशी मुलीला आणखीही एक चूक सांगितलीस. चिंच शंभर वर्षांची नाही. ती आजीने लावली.

परवा शुक्रवारी अखजी आहे. रजनी म्हणते पुरण घालणार. घरात धाडायला दुसरे कोणी नाही, मुले बाहेरगावी आहेत. तर मीच येतो. सिंधीपुऱ्यात एवढ्या गल्ल्यांत मला घर सापडायचे नाही आणि लोकांना विचारत हिंडणे बरे दिसत नाही. तू सकाळी राजघाटावर येऊन थांब. मी तिथे येतो. तिथून दोघे वर येऊ. तुलाही अर्धाच रस्ता पडेल आणि मलाही.

मागचे काही बोलायला नको.

वामन


सिंधीपुरा
८ मे २०२४

ती. वामनदादा,
नमस्कार.

कडू दारात उभा आहे, म्हणून लगेच लिहिते. तुझं अक्षर अजून तसंच आहे. पाकिटावरूनच ओळखलं आणि खुर्चीत बसावं लागलं. हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

चिंचेचं तुझं बरोबर. आजीनंच लावली.

पण राजघाटावर मी येणार नाही. राजघाट हे माझं सासर नव्हे. तिथं तू एकदा आला होतास आणि लांब उभा राहिला होतास. मला पुन्हा तिथं तुझी वाट बघायची नाही. अर्धा रस्ताही मला नको. मी माझा सगळा त्या दिवशी चालून आले, तुझ्या दारापर्यंत, भर गल्लीतून. आता तुझा तू चाल. उशीर झाला तरी चालेल, मी जेवायची थांबेन. नाही आलास तर इथंच पुरण घालीन आणि दर अखजीला तुझ्या ओट्यासमोरून फिरायला जाईन, शाळेतल्या मुली बरोबर घेऊन. खिडक्या किती वेळा लावशील?

घर सापडत नाही म्हणतोस. चौकात कोणालाही विचार. शोभाबाईंचं घर विचारू नकोस, ते सांगू नका असं मी सगळ्या चौकाला बजावून ठेवते. निरंजनरावांचं घर कुठं, असं विचार. मोठ्यानं विचार.

दारावर अजून त्यांचीच पाटी आहे. ती वाच आणि मग कडी वाजव.

तुझी
शोभा